शाळेपर्यंतचं अंतर

कोकणातली जुनी मराठी शाळा ओळखायला फलक वाचावा लागत नाही. वाडीपासून जरा वर, भातखाचरं संपून सड्याचा कातळ सुरू होतो तिथे, उंच जोत्यावर एक लांबट इमारत दिसते. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, पुढे लाकडी खांबांची पडवी, वर मंगळुरी कौलांचं छप्पर, खिडक्यांना उभे गज आणि पडवीच्या तुळईला टांगलेला रुळाचा तुकडा. भात पिकेल अशी जमीन शाळेला देणं कुठल्याच गावाला परवडणारं नव्हतं, म्हणून शाळा कातळावर गेली. त्यात मुलांचं भलंच झालं. पावसाळ्यात पायाखाली चिखल कमी, आणि उन्हाळ्यात समुद्राकडून येणारा वारा थेट वर्गात.

दापोली तालुक्यातली आमच्या गावची शाळा अशीच, पाच खणांची. तिचं नाव कुठल्या संरक्षित वास्तूंच्या यादीत नाही. हर्णैचा सुवर्णदुर्ग आणि पन्हाळेकाजीची लेणी बघायला लोक गाड्या भरून येतात, आणि रस्त्यात शाळा लागली तर तिच्या अंगणात गाडी वळवून घेतात, एवढाच तिचा पर्यटनाशी संबंध. मला मात्र ती त्या दोन्हींच्या बरोबरीची वाटते. किल्ला सत्तेनं उभा केला, लेणी दात्यांच्या धनानं कोरली गेली. ही शाळा सारा भरणाऱ्या माणसांच्या पैशातून उभी राहिली, आणि त्यांच्यातल्याच कित्येकांच्या मुलांना ती बरीच वर्षं आत घेत नव्हती. हे दोन्ही तिच्या बांधणीत आजही दिसतं.

आधी बांधणीविषयी. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं तासता येतो. हवा लागली की हळूहळू टणक होत जातो. भिंत जाड, आतून चुन्याचा गिलावा. छपराचा उतार इतका की आषाढातला पाऊस कौलावर थांबत नाही, पागोळ्या होऊन जोत्याच्या पलीकडे पडतो. पडवी खोल आहे ती एवढ्यासाठीच, की नैऋत्येकडून येणारी झड वर्गाच्या भिंतीपर्यंत पोचू नये. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. एप्रिलच्या दुपारी या वर्गात बसावं आणि मग शेजारच्या स्लॅबच्या खोलीत जावं, म्हणजे जुन्या गवंड्या-सुताराला काय कळत होतं ते अंगालाच कळतं. कौल उलटं केलं की पोटाला कारखान्याचं नाव ठसवलेलं सापडतं. बासेल मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना काढला 1865 मध्ये, त्यानंतर तिथे आणखी कारखाने निघाले, आणि ही कौलं गलबतांत भरून सबंध किनारपट्टीवर जाऊ लागली. शाळेच्या वाशांसाठी लाकूड इथलंच, किंजळ आणि ऐन, तुळया सागाच्या. ज्यांनी त्या चढवल्या त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. शिकवणाऱ्या मास्तरांची यादी मुख्याध्यापकांच्या टेबलामागे टांगलेली असते. बांधणाऱ्यांची तशी पाटी मी अजून कुठल्याही शाळेत पाहिलेली नाही, आणि ती असायला हवी असं मला फार वाटतं.

शाळेला पैसा कुठून आला, हे मात्र कागदोपत्री आहे. वुडच्या 1854 च्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खातं सुरू झालं, पण खेड्यातल्या शाळेसाठी तिजोरीतून पैसा निघेना. मग 1860 च्या दशकात शेतसाऱ्यावर पट्टी बसली, साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा. 1869 च्या कायद्यानं ती पक्की झाली. त्या आण्याचे दोन वाटे रस्त्यांसारख्या कामांना आणि एक वाटा शिक्षणाला. आमच्याकडे खोती. पैसा खोताच्या हातून सरकारात जाणार, पण तो मुळात निघणार कुळाच्या अंगमेहनतीतून. म्हणजे वरकस जमिनीवर नाचणी-वरी काढून दोन वेळची तोंडमिळवणी करणाऱ्या माणसानं शाळेची वर्गणी भरलेली होती, त्याचा मुलगा शाळेच्या पायरीवर चढो वा न चढो.

हाच मुद्दा जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे मांडला. शेतकऱ्याकडून शिक्षणासाठी पट्टी घ्यायची आणि तिचा लाभ मात्र वरच्या थरातल्यांना द्यायचा, यावर त्यांचा आक्षेप होता. निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी सुचवलं. मास्तरांबद्दल त्यांचं म्हणणं तर मला आजही फार जवळचं वाटतं: मास्तर प्रशिक्षित असावेत, होता होईल तो शेतकरी वर्गातले असावेत, नांगराची मूठ धरायची लाज न वाटणारे असावेत, आणि त्यांना बारा रुपयांहून कमी पगार असू नये. पगार, माणूस आणि मुलांचं घर या तिन्हींचा विचार एकाच दमात करणारी अशी मांडणी त्यानंतरच्या किती धोरणांत सापडेल, मला शंका आहे.

पुढची हकिगत आमच्याच तालुक्यातली. मुरूडचा एक मुलगा, धोंडो केशव कर्वे, 1875 मध्ये सहावीच्या परीक्षेला निघाला. परीक्षेचं ठिकाण सातारा. बोटीनं जायचं जमेना, तेव्हा तो आणि बरोबरचे सोबती चालत निघाले, खाडी ओलांडून, मग घाट चढून. शंभर मैलांहून जास्त वाट, तीही जंगलातून. साताऱ्याला पोचल्यावर परीक्षा घेणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परत पाठवलं. पुढे त्यानं कोल्हापुरातून ती परीक्षा दिली. महर्षी कर्व्यांची ही पायपीट आम्हाला शाळेत जिद्दीचा धडा म्हणून सांगितली जायची. मला आता ती वेगळी वाटते. मुलाची जिद्द मोठीच, पण शिक्षण एवढं लांब ठेवणारी व्यवस्थाही त्यात दिसते. ज्याच्या घरी चार दिवसांची शिदोरी बांधून द्यायची ऐपत नव्हती, तो निघालाच नाही आणि त्याची गोष्ट कुणी लिहिली नाही. गावोगाव चिऱ्याच्या शाळा उभ्या राहिल्या त्यानं नेमकं काय बदललं, तर हे अंतर. सातारा राहू दे. पाखाडी चढून गेलं की शाळा, असं झालं.

सगळ्यांसाठी मात्र तसं झालं नाही. इथे पडवीविषयी लिहिलं पाहिजे.

आमच्या शाळेची पडवी वर्गापेक्षा एक पायरी खाली आहे. लहानपणी ती आम्हाला फार आवडायची. पावसात तिथे डबा खायचा, लंगडी खेळायची, खांबाला धरून गोल फिरायचं. तिथली जमीन शेणानं सारवलेली असायची, शनिवारी मुलीच ती सारवायच्या. मुलगे पाणी आणायचे. हे असंच का, असं कुणाच्या मनातही येत नसे. पडवीला दुसराही एक इतिहास आहे, हे मला पुष्कळ मोठेपणी कळलं. बौद्धवाडीतले एक आजोबा सहज बोलता बोलता म्हणाले, "आमचा बापूस हयच बसायचा. आत न्हाय." खांबाला टेकून बसायची जागा त्यांनी दाखवली. मास्तर आतल्या मुलांना शिकवायचे, ते दारातून ऐकायचं. पाटी दाखवायची तर ती खाली ठेवून मागे सरायचं, मास्तर लांबूनच बघणार.

दापोलीविषयी लिहिताना हे सांगितलंच पाहिजे, कारण या प्रश्नावरची एक फार जुनी लढाई इथेच झाली. दापोलीचा कॅम्प म्हणजे लष्करी पेन्शनरांची वस्ती. पलटणीतल्या शाळांमुळे महार शिपायांच्या घरांत अक्षरओळख पोचलेली होती. सुभेदार रामजी सकपाळ स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि निवृत्तीनंतर काही वर्षं दापोलीत राहिले. गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निवृत्त होऊन इकडेच आले आणि 1888 मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' प्रसिद्ध केलं. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या महार पेन्शनरांनी आपल्या मुलांना गावच्या शाळेत घ्या, असे अर्ज केले. पलटणीत बंदूक चालते, शाळेत मुलगा चालत नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. बरीच खळखळ झाली. अखेर निघालेली तोड काय, तर मुलांनी पडवीत बसावं. सरकारी भाषेत ती मुलं शाळेत दाखल झाली. प्रत्यक्षात त्यांना उंबऱ्याच्या बाहेर थांबवलं गेलं.

झडीपासून भिंत वाचवण्यासाठी बांधलेली पडवी माणसांना बाहेर ठेवायच्या कामाला आली. गवंड्यानं ती तशी योजली नव्हती, गावानं ती तशी वापरली. या वास्तूचं मला जे प्रेम वाटतं त्यातून हा भाग वगळून चालणार नाही. जुनी शाळा किती सुंदर, असं लिहिणारे लेख मी वाचते तेव्हा त्या लेखांत पडवीचं छायाचित्र हमखास असतं, आणि ती रिकामी असते.

पुढे 1923 च्या ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालवलेल्या पाणवठ्यांवर, धर्मशाळांत, शाळांत अस्पृश्यांना मज्जाव नसावा, असा तो ठराव. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह याच ठरावाच्या आधारावर झाला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच ठरावात शाळाही होत्या, हे आपण विसरतो. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनीही जिल्ह्यातल्या शाळांत मुलांना सरमिसळ बसवावं म्हणून चळवळ चालवली. ठराव, हुकूम, तपासणी हे सगळं झालं तरी वर्गात जाणारी ती एक पायरी कुठे लवकर चढली गेली, कुठे फार उशिरा. आमच्या गावात ती नेमकी केव्हा ओलांडली गेली, याची नोंद कोणी केलेली नाही. आजोबांच्या वडलांच्या वेळी नव्हती आणि आजोबांच्या वेळी होती, एवढं आम्हाला पुरेसं आहे.

शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टरं आहेत. जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची, काही पानं वाळवीनं खाल्लेली. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याचं कारण. शेवटच्या रकान्यात गावाचं अर्थशास्त्र सापडतं. 'घरकामासाठी', 'गुरे राखण्यासाठी', 'मुंबईस गेला'. हे शेवटचं कारण तर इतक्या वेळा येतं की लिहिणाऱ्या मास्तरांनी पुढे पुढे खाली वरीलप्रमाणेच्या खुणाच केल्या आहेत. मुलींची नावं सुरुवातीच्या पानांत शोधावी लागतात. माझ्या आजीचं नाव त्यात नाही. ती शाळेच्या खालच्याच घरात वाढली, रोज त्या वाटेनं पाण्याला गेली, आणि घंटा ऐकून वेळ सांगायची. तिला अंतर नव्हतं, पायवाट होती, आणि तरी ती गेली नाही, कारण तिला कुणी पाठवलंच नाही. आईचं नाव आहे, चौथीपर्यंत. माझं आहे, सातवीपर्यंत.

ही रजिस्टरं आता एकाएकी मोलाची झाली आहेत. जातीच्या दाखल्यासाठी जुना शालेय पुरावा लागतो म्हणून माणसं मुंबईहून, पुण्याहून उतारा मागायला येतात. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर सुरू झालं तेव्हा तर महसुलाच्या दप्तरांबरोबर शाळांचीही कपाटं उघडली गेली, आणि मोडी वाचणाऱ्यांना शोधावं लागलं. ज्या शाळेच्या छपरासाठी कुणाला सवड नव्हती, तिच्या एका पानासाठी लोक दिवसभर पडवीत बसून राहिले. मला त्यांचा राग नाही. उलट बरं वाटतं, की आपल्या पणज्याचं नाव अमुक साली मास्तरांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं पाहून एखादा माणूस थोडा वेळ गप्प बसतो. फक्त तो कागद इतकी वर्षं कोरडा राहिला तो कुठल्या कौलांखाली, हेही त्यानं मान वर करून बघावं.

लोकल बोर्डाची शाळा 1962 च्या मे महिन्यात जिल्हा परिषदेची झाली. म्हातारी माणसं तिला अजून बोर्डाची शाळाच म्हणतात. सहीचे शिक्के बदलले, दिपोटी जाऊन विस्तार अधिकारी आले, केंद्रप्रमुख आले, पाट्यांच्या जागी वह्या आल्या. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची पद्धत मात्र टिकली. मध्यंतरी शेणाची जमीन जाऊन फरशी आली. पडवीच्या टोकाला खिचडीची चूल आली, आता गॅस आहे. निवडणुकीचं मतदान, पोलिओचे डोस, साप चावलेल्याला तालुक्याला नेण्याआधी ठेवायची जागा, शिमग्याला आलेल्या चाकरमान्यांची पथारी, हे सगळं तिथेच. पण छपराची काळजी घ्यायला जिल्ह्याचा पैसा क्वचितच पुरेसा आला. ती गावानं घेतली. मे महिन्यात कौलं परतायची, फुटलेली बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या. वांदरांनी नासधूस केली की वर्षातून दोनदा. सामानाचा खर्च गावाच्या मुंबई मंडळाकडून, अंगमेहनत घराटी एक माणूस. मंडळाच्या बैठका लालबाग-परळच्या खोल्यांत व्हायच्या, पुढे नालासोपारा-विरारला व्हायला लागल्या. गिरण्या बंद पडल्यावर वर्गणी आटली, तरी शाळेचं नाव काढलं की थोडे पैसे निघायचे.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडच्या पट्ट्यातली छपरं उडवत गेलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, खांब पडले, कित्येक गावांना वीज यायला महिना लागला. आमच्या शाळेची पश्चिमेकडची कौलं पत्त्यांसारखी उडाली. आढं राहिलं, तुळया राहिल्या, भिंतींना चीर गेली नाही. टाळेबंदीमुळे मुंबईहून परतलेली तरुण मुलं त्या वर्षी गावात होती, त्यांनी ताडपत्री बांधली आणि पुढे मिळतील तशी कौलं जमवली. पडलेल्या घरांची जुनी कौलं लोकांनी शाळेला आणून दिली. त्यामुळे आता त्या बाजूच्या छपरावर वेगवेगळ्या कारखान्यांचे ठसे आहेत आणि रंगही सारखा नाही. मला ते छप्पर आधीपेक्षा जास्त आवडतं.

आता इमारतीपुढे दोन संकटं आहेत आणि ती एकमेकांना हात देतात. एक निर्लेखन, दुसरं पट.

निर्लेखन म्हणजे इमारत कागदावर रद्द करणं. अभियंता येतो, धोकादायक असा शेरा मारतो, प्रस्ताव पंचायत समितीतून जिल्ह्याला जातो, मंजूर झाला की इमारत पाडायची आणि तिथे स्लॅबच्या दोन खोल्या. यात कुणाची वाईट बुद्धी असते असं मला वाटत नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरजवळ निंबोडीत पावसात जिल्हा परिषदेच्या शाळेचं छत कोसळलं आणि तीन मुलं गेली. त्यानंतर कुठलाही अधिकारी जुन्या छपराखाली सही करायला घाबरला तर तो माणसासारखाच वागतो आहे. मुलांच्या डोक्यावरचं छप्पर भक्कम असलंच पाहिजे, तिथे जुनेपणाचं प्रेम आड येऊ नये. पण भक्कम आहे की नाही, हे बघायची रीतच आपण गमावली आहे. चिरेबंदी भिंत आणि लाकडी आढं यांची तपासणी लोखंड-सिमेंटच्या नियमांनी होते. वाशाला टाचणी टोचून बघणारा, तुळईच्या भिंतीतल्या टोकाला वाळवी आहे का ते ठोकून आवाजावरून सांगणारा सुतार त्या पाहणीत नसतो. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात कौल परतणं हे काम बसवता येत नाही, पत्रे टाकणं लगेच बसतं. म्हणून चांगलं आढं उतरवून त्यावर पत्रे येतात, पावसात मास्तरांचा आवाज ऐकू येत नाही, उन्हात मुलं घामाघूम होतात, आणि मग सगळेच म्हणतात की जुनी इमारत आता कामाची राहिली नाही.

पटाचं संकट याहून मोठं. आमच्या शाळेचा पट आता पंधराच्या आत आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला तरुण मास्तर धनगरांच्या पोरांसाठी धडपडून शाळा उभी करतो आणि शेवटी दुष्काळात वाडीच उठून जाते. 1955 सालची ती कादंबरी वाचताना मला आमच्या वाडीची आठवण व्हावी असं काही नव्हतं. तो माणदेश, पाण्यावाचून तडफडणारा, आणि आमच्याकडे पाऊस धो धो. तरी वाडी उठून गेली ती गेलीच, एका हंगामात नाही, दोन पिढ्यांत. जी घरं राहिली त्यांतल्या काहींची मुलं दारात येणाऱ्या पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. त्या आईबापांना दोष देणं सोपं आहे. मी देणार नाही. आपल्या मुलानं मागे राहू नये एवढंच त्यांना वाटतं, आणि शेजारच्या शाळेत दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळून शिवाय माहिती भरण्यात दिवस घालवायचा असेल, तर त्यांची भीती खोटी नाही.

2023 मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा होत्या 14 हजारांहून अधिक. विरोध झाला, चर्चा झाली, आणि प्रश्न अजून डोक्यावर आहे. एका बाजूचं म्हणणं मला समजतं. सात-आठ मुलांत कबड्डीचा संघ होत नाही, समवयस्क सोबत मिळत नाही, प्रयोगशाळा-ग्रंथालय शक्य नाही. मोठ्या शाळेत हे सगळं होईल, मुलांना गाडी देऊ, असं सांगितलं जातं. पण गाडी कुठपर्यंत येते? आमच्या गावात एका वाडीतून दुसरीकडे जायला पाखाडी उतरावी लागते, वहाळावरचा साकव ओलांडावा लागतो, आणि जुलैत साकवावरून पाणी जातं. 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीच्या मुलासाठी घरापासून 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटरच्या आत शाळा असावी, असं ठरवलं. नकाशावरचा किलोमीटर आणि सहा वर्षांच्या मुलीच्या पायांचा किलोमीटर यांत कोकणात फार फरक पडतो. तो 1 किलोमीटर कुणा अधिकाऱ्याची मेहरबानी म्हणून आलेला नाही. आणा आणा भरणाऱ्या कुळांनी, हंटर आयोगापुढे उभ्या राहिलेल्या माणसानं, दापोलीच्या पेन्शनरांच्या अर्जांनी मिळून सव्वाशे-दीडशे वर्षांत तो इतका जवळ आणला. शाळा बंद करताना अंतर मोजायचं तर ते इथून मोजायला सुरुवात केली पाहिजे.

आणि गाडीत कोण बसणार नाही, हेही दिसतं आहे. ज्या घरात धाकटं भावंड सांभाळायला कुणी नाही, जिथे आई काजूच्या कारखान्यात जाते, जिथे बाप वर्षातले आठ महिने बोटीवर असतो, त्या घरातली मुलगी. रजिस्टरातला 'घरकामासाठी' हा शेरा पुन्हा लिहायला लागेल, एवढंच की तो लिहायला तेव्हा गावात रजिस्टर नसेल.

शाळेतल्या बाईंना मी विचारलं, एवढ्या कमी मुलांत शिकवताना कंटाळा येत नाही का. त्या म्हणाल्या, "ताई, प्रत्येकाचं मला माहीत आहे. कोण रात्री जेवून झोपलं, कोण नाही, तेसुद्धा." त्या रोज तालुक्याहून दुचाकीनं येतात. चौथीच्या दोघी पहिलीच्याला वाचायला शिकवत होत्या, एकीनं त्याच्या बोटाखाली आपलं बोट धरलं होतं. एकशिक्षकी-द्विशिक्षकी शाळांत ही रीत पूर्वीपासून आहे, आणि ती गरिबीची सोय म्हणून सुरू झाली असली तरी चांगली आहे. बौद्धवाडीतल्या त्या आजोबांची पणती या वर्षी तिसरीत आहे. ती आणि तिच्या मैत्रिणी मधल्या सुट्टीत पडवीतच बसतात, कारण तिथे वारा असतो.

गेल्या ग्रामसभेत शाळेचा विषय आला तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. कुणी म्हणालं नवी इमारत मिळत असेल तर सोडू नका, नाही तर निधी दुसऱ्या गावाला जाईल. हे बोलणंही खरंच आहे, तसा निधी जातो. कुणी म्हणालं, मुलंच नाहीत तर इमारत कुणासाठी. एक म्हातारे गृहस्थ उठले आणि एवढंच म्हणाले, "अगो, मुंबैची पोरां शिमग्याला येतात ती देवलात जातात नि शालेत येतात. घरां मोडली तरी चालतील." अखेर ठराव झाला. निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवण्याआधी लाकूडकाम जाणणाऱ्या सुताराकडून आणि चिऱ्याचं काम करणाऱ्या गवंड्याकडून पाहणी करून घ्यावी. दुरुस्ती कौलांचीच व्हावी. सामानाचा अर्धा खर्च ग्रामपंचायतीनं आणि अर्धा मुंबई मंडळानं उचलावा. आणि पट कितीही असो, पहिली ते पाचवीचे वर्ग इथून हलवू नयेत, असं जिल्हा परिषदेला कळवावं. पडवीच्या भिंतीवर एक पाटी लावायची, असंही मी सुचवलं, तिच्यावर बांधणाऱ्यांचा उल्लेख असावा आणि इथे बाहेर बसून शिकलेल्यांचाही. त्यावर थोडी कुजबुज झाली. दुसऱ्या मागणीवर एकमत व्हायला वेळ लागला, पण तीही ठरावात आली, आणि तिचा मजकूर लिहायचं काम बौद्धवाडीतल्या दोघा शिक्षित मुलांकडे दिलं आहे. सुतार गुढीपाडव्यानंतर येईन म्हणतो. पश्चिमेच्या पाखावरच्या सगळ्या रिपा बदलाव्या लागतील, असं त्यानं खालूनच बघून सांगितलं. वासे मात्र अजून दोन पिढ्या हलणार नाहीत.